नेमकं कुठं दुखतं?

‘‘खंय दुखता?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘सकयल,’’ मी म्हटलं. म्हणजे खाली.

त्यांनी मान हलवली, लघवीची तपासणी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चाळिशी ओलांडलेली बाई ‘खाली आग होते’ म्हणाली, की पहिला संशय लघवीच्या संसर्गाचाच येणार. पण त्या एका शब्दापासून दुखण्याचं खरं नाव कळेपर्यंत माझे तेरा महिने गेले. त्यातले निम्मे तरी मी नीट बोलले असते तर वाचले असते. म्हणून हे लिहिते आहे, आणि ज्या अवयवाचं नाव घ्यायचं तिथं ते घेणार आहे.

मी गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. खाणी बंद पडल्यापासून नवऱ्याचा ट्रक कधी चालतो, कधी दारात उभा असतो. घर माझ्या पगारावर चालतं. हे सांगण्याचं कारण एवढंच, की महिनोन्‌महिने रजा घेऊन घरी पडून राहणं मला शक्य नव्हतं.

सुरुवात कधी झाली ते नक्की सांगता येत नाही. वीस वर्षं खाणपट्ट्यातल्या खड्ड्यांतून स्कूटर चालवली. मग २०२० चं लॉकडाऊन आलं. मुलं रेंज शोधत डोंगरावर चढायची आणि मी स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर बसून त्यांच्यासाठी धडे रेकॉर्ड करायची, सलग पाच-सहा तास. तेव्हा अधूनमधून बसल्या जागी बधिरल्यासारखं व्हायचं, मी उठून दोन फेऱ्या मारायची आणि विसरायची. ज्या दिवशी विसरता आलं नाही तो दिवस मात्र ठळक आठवतो: १४ फेब्रुवारी २०२२, विधानसभेचं मतदान. मतदान केंद्रावर माझी ड्यूटी होती, बोटाला शाई लावायची. पहाटेपासून लोखंडी खुर्चीवर. दुपारी योनीच्या उजव्या कडेपासून गुदद्वारापर्यंत आग सुरू झाली. पेटती उदबत्ती कुणी आत धरून ठेवावी तशी. आणि खाली, बसायच्या जागी, सोललेली सुपारी ठेवून तिच्यावर बसल्यासारखं वाटत होतं. मी दोनदा उठून खुर्ची हातानं चाचपून पाहिली. खुर्चीवर काही नव्हतं.

संध्याकाळी यंत्रं सील होईपर्यंत मी एका पुठ्ठ्यावर तिरकी, डाव्या मांडीवर सगळा भार टाकून बसले होते.

मराठी शिकवताना मी मुलांना एक खेळ घालते. कुठल्या अवयवाला कुठलं क्रियापद? डोळे चुरचुरतात. घसा खवखवतो. दाढ ठणकते. पोटात मुरडा येतो. पायात गोळा येतो. पाठीत उसण भरते. जखम भगभगते. मुलं धपाधप उत्तरं देतात. आपल्या भाषेत कसं दुखतं हे सांगायला अशी श्रीमंती आहे. पण दोन मांड्यांच्या मधे जे काही आहे त्या सगळ्याला मिळून आपल्याकडे एकच शब्द, ‘खाली’. फार तर ‘तिथं’. योनी, मूत्रमार्ग, गुदद्वार, त्यांच्यामधली जागा, बैठकीची हाडं, माकडहाड, सगळं ‘तिथं’. डॉक्टरला यातलं प्रत्येक ठिकाण वेगळं असतं, त्याचा आजार वेगळा, त्याचा तज्ज्ञ वेगळा. आणि मी, जी रोज मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, ती प्रत्येक दारात ‘तिथं’ म्हणत फिरत होते.

त्या तेरा महिन्यांचा हिशेब थोडक्यात देते. लघवीचं कल्चर तीनदा झालं, तिन्ही वेळा जंतू वाढले नाहीत, तरीही प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले. सोनोग्राफीत गर्भाशयात एक लहानशी गाठ दिसली. ती बहुतेकींना असते आणि तिचा या दुखण्याशी संबंध नाही, असं स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मूळव्याधीचं मलम झालं. कमरेचा एमआरआय झाला. त्यात मणक्याची एक गादी थोडी सरकलेली दिसली आणि मग चार महिने कमरेला पट्टा बांधून मी त्या गादीचा उपचार घेतला. एका खाजगी दवाखान्यात ‘पाळी जायचं वय आलंय, मनावर घेऊ नका, कशात तरी मन रमवा’ हेही ऐकलं. त्या दिवशी स्कूटर ढकलत घरी आले. बसायचं बळ नव्हतं, आणि रडत रडत चालवायची भीती वाटत होती.

सगळ्यात नुकसान मात्र एका चांगल्या हेतूनं सांगितलेल्या व्यायामानं केलं. ‘लघवी रोखून धरतो तसे स्नायू आवळायचे, दहा आकडे मोजायचे, सोडायचे.’ केगल व्यायाम. हा व्यायाम स्नायू सैल पडलेल्या बायकांसाठी आहे. माझे आधीच आवळून बसले होते. मी इमानेइतबारे दिवसातून तीन वेळा तो केला आणि दोन आठवड्यांत उभं असतानाही आग व्हायला लागली. स्नायू सैल आहेत की आवळलेले, हे कुणीही तपासलं नव्हतं. ज्या बाईला बसल्यावर दुखतं तिनं हा व्यायाम कुणाच्या सांगण्यावरून सुरू करण्याआधी एकदा तपासून घ्यावं, हे मी हात जोडून सांगते.

सासूबाईंनी देवळात प्रसाद घेतला, म्हणजे देवाला कौल लावला. देवाच्या अंगावरची उजवी पाकळी पडली, म्हणजे शुभ. त्यांचा विश्वास मला त्या काळात आधाराचा होता. सगळे ‘काही नाही’ म्हणत असताना माझ्या दुखण्यासाठी कुणीतरी देवाला प्रश्न विचारत होतं.

आपल्याकडे बसणं हा शिष्टाचार आहे, हे मला तेव्हा कळलं. कुणाच्या घरी गेलं की पहिला शब्द ‘बस गो’. उभं राहणं म्हणजे रागावलेली आहे, घाईत आहे, नाहीतर शिष्ट आहे. हळदीकुंकवाला मी दारात उभी. बारशाला उभी. भजनाला खांबाला टेकून उभी. कदंबच्या बसमध्ये म्हातारा माणूससुद्धा उठून ‘बस बाय’ म्हणायचा आणि मी नको म्हटलं की दुखावायचा. सगळ्यात दुखावली ती आई. २०२२ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माहेरी गेले तर जेवायच्या पंगतीत बसेना, म्हणून ती म्हणाली, ‘‘आमच्या पाटावर बसायला आता तुला जमत नाही का?’’ मी ‘पाय दुखतो’ म्हटलं. आईला खोटं सांगितलं, कारण खरं सांगायचा शब्द माझ्याकडे नव्हता.

मार्च २०२३ मध्ये बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात गेले. बाहेर बाकांवर जागेसाठी गर्दी होती आणि मी भिंतीला टेकून तीन तास उभी होते. आत एक तरुण डॉक्टर होती, माझ्या मोठ्या भाचीच्या वयाची. तिनंही विचारलं, ‘‘खंय दुखता?’’ मी म्हटलं, ‘‘सकयल.’’

ती थांबली. कोऱ्या कागदावर तिनं पेनानं आकृती काढली, अगदी साधी, दोन मांड्या आणि मधले भाग, आणि पेन माझ्या हातात दिलं. ‘‘एका बोटानं दाखवता तसं पेनानं दाखवा. जिथं दुखतं तिथंच रेघ मारा. जिथं नाही तिथं मारू नका.’’

मी रेघ मारली. उजव्या बाजूला, पुढून मागे. रेघ मारताना माझ्या लक्षात आलं की दुखणं डावीकडे कधीच जात नाही, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला कुणी विचारलंही नव्हतं.

मग तिनं एकेक प्रश्न विचारला. बसल्यावर वाढतं? हो. उभं राहिल्यावर, झोपल्यावर? कमी होतं. रात्री दुखण्यानं जाग येते? नाही. सकाळी कशी असता? सकाळी मी जवळजवळ बरी असते. आणि मग तिनं जे विचारलं ते ऐकून मी तिच्याकडे बघतच राहिले: ‘‘कमोडवर बसल्यावर कसं वाटतं?’’ गेलं वर्षभर मला हे कोडं पडलं होतं. कुठल्याही खुर्चीवर दहा मिनिटं निघत नव्हती, पण कमोडवर बसलं की त्यामानानं बरं वाटायचं. शाळेच्या वह्या मी कधीकधी तिथं बसून तपासल्या आहेत. मला वाटायचं हा मनाचाच खेळ असणार. ती म्हणाली, मनाचा नाही, कमोडच्या सीटला मधे पोकळी असते, म्हणून तिथल्या नसेवर दाब येत नाही.

तिनं सिस्टरला आत बोलावलं, काय करणार ते आधी सांगितलं, माझी परवानगी घेतली आणि हातमोजा घालून आतून तपासलं. उजवीकडे एका जागी बोट दाबलं आणि माझी ती ओळखीची आग पायांच्या मधून सरसरत पुढे गेली. मी ओरडले, ‘‘हेच! हेंच तें!’’ वर्षभरात पहिल्यांदा माझं दुखणं माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या बोटाला सापडलं होतं.

त्या नसेचं नाव प्युडेंडल नर्व्ह. कमरेच्या खालच्या त्रिकोणी हाडातून, एस-२, एस-३ आणि एस-४ या मुळांपासून ती निघते. बैठकीच्या हाडाजवळ दोन चिवट बंधांच्या चिमट्यातून जाते, मग अल्कॉक कॅनॉल नावाच्या अरुंद बोगद्यातून पुढे येते आणि तिला तीन फांद्या फुटतात. एक गुदद्वाराकडे, एक मधल्या भागाकडे, एक क्लिटोरिसकडे. पुरुषांत ही शेवटची फांदी शिश्नाकडे जाते. म्हणजे हा बायकांचाच आजार नव्हे. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना तो होतो, आणि अनेक पुरुष प्रोस्टेटची औषधं घेत वर्षानुवर्षं काढतात. चिमट्यात किंवा बोगद्यात नस दाबली गेली, घासली गेली किंवा भोवतीच्या आवळलेल्या स्नायूंनी ओढली गेली, की तिच्या फांद्या जिथं पोचतात तिथं आग होते. तिथली कातडी, तिथले अवयव अगदी निरोगी असतात. म्हणून सगळे रिपोर्ट चांगले येतात.

या दुखण्याचं निदान करणारी एकच एक तपासणी नाही. फ्रान्समधल्या नांत शहरातल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये पाच निकष मांडले, तेच अजून वापरतात. दुखणं या नसेच्या हद्दीत असावं, बसल्यावर वाढावं, त्यानं रात्री जाग येऊ नये, तपासताना संवेदना गेलेली सापडू नये, आणि नसेजवळ भूल दिल्यावर ते थांबावं. मला विचारलेले बरेचसे प्रश्न त्यातूनच आले होते. पाचवा निकष राहिला होता.

नावाबद्दल एक गोष्ट मी नंतर वाचली. प्युडेंडल हा शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याचा अर्थ ‘ज्याची लाज बाळगावी ते’. मी वाचून सुन्न झाले. आपण गुप्तांग म्हणतो, गुह्य म्हणतो, म्हणजे लपवायचं ते. त्या लोकांनी नसेलासुद्धा लाजेचं नाव दिलं. माझ्या अंगातल्या एका नसेला ती जन्मायच्या आधीच गप्प बसायला सांगून ठेवलं होतं.

औषधांपैकी पहिलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम, रात्री. नवऱ्यानं डबीतला कागद वाचला आणि त्याचा चेहरा पडला, कारण त्यावर नैराश्याचं औषध असं होतं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर आला आणि डॉक्टरांनी त्याला समजावलं, की नैराश्यासाठी हे बऱ्याच मोठ्या प्रमाणात देतात, कमी प्रमाणात ते नसेचं दुखणं शांत करतं. तोंडाला कोरड पडायची, सकाळी डोळे उघडत नसत, पहिल्या तासाला फळ्यावर लिहिताना अक्षर वाकडं जायचं. तीन आठवड्यांनी आगीची धार थोडी बोथट झाली. मग प्रीगॅबलिन जोडलं. ते मला मानवलं नाही. घोटे सुजले, आणि एके दिवशी वर्गातल्या मुलाचं नाव तोंडावर येईना. चार वर्षं माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा. ते औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवत बंद केलं. मनानं एकदम बंद करायचं ते औषध नव्हे.

म्हापशाच्या एका गादीवाल्याकडे जाऊन उशी करून घेतली. आधी बाजारात मिळते ती गोल, मधे भोक असलेली आणली होती. ती मला वाईट ठरली, तिच्यात मधला भाग उलट ताणला जायचा. मला हवी होती घट्ट फोमची, मागून यू अक्षरासारखी कापलेली, म्हणजे भार दोन्ही बैठकीच्या हाडांवर येईल आणि मधे काही टेकणार नाही. गादीवाले काका म्हणाले, ‘‘बाई, कुणासाठी?’’ मी म्हटलं, ‘‘माझ्यासाठी. बसल्यावर माझी नस दाबली जाते, ती मोकळी राहायला पाहिजे.’’ परक्या माणसाला दिलेलं ते माझं पहिलं सरळ उत्तर. त्यांनी काही न बोलता कागदावर माप काढलं, फोम कापला, मला दुकानातच बसून बघायला लावलं, आणि दोनदा कड तासून दिली.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोधता शोधता मुंबईतली एक मिळाली. मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवडे ठाण्याला आतेबहिणीकडे राहिले. थिवीहून कोकणकन्या धरली आणि आग्रहानं वरचा बर्थ घेतला. खालच्या बर्थवर लोक येऊन बसतात, मधला दिवसा पाडावा लागतो, वरच्यावर मात्र रात्रभर आणि सकाळीही आडवं राहिलं तरी कुणी उठवत नाही. तेव्हापासून माझा प्रत्येक प्रवास वरच्या बर्थवरून होतो.

पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्टनं मला हातही लावला नाही. तासभर नुसतं ऐकलं आणि श्वास घ्यायला शिकवलं. मी पोट आत ओढून श्वास घेते, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तिनं समजावून दिलं की ओटीपोटाला खालून एक तळ असतो, स्नायूंचा, आणि तो श्वासाबरोबर खाली उतरायला हवा, वर यायला हवा. मला आरतीला वाजवतात तो घुमट आठवला. मातीच्या मडक्याच्या तोंडावर ताणून बसवलेलं कातडं. माझा तळ तसा होता, चोवीस तास ताणलेला, आणि त्याच्या ताणात ती नस.

दुसऱ्या दिवसापासून आतलं काम. हातमोजा, जेल, एक बोट. ती बोट टेकवायची, दाबायची नाही, आणि म्हणायची, ‘‘आता जबडा सैल सोडा.’’ जबड्याचा काय संबंध, असं मनात आलं. पण दात सुटले की खाली काहीतरी सुटायचं, ते मला स्पष्ट जाणवायचं. ती जागांची नावं घेत जायची. हा ऑब्ट्युरेटर इंटर्नस स्नायू, याच्याच वेष्टनात तो बोगदा असतो. आता डावीकडे. आता मागे, गुदद्वाराजवळ. तिच्या तोंडी हे शब्द कोपर, गुडघा म्हणावं तसे यायचे. चौथ्या दिवशी उजवीकडची एक गाठ तिच्या बोटाखाली विरघळली आणि मला रडू फुटलं. दुखलं म्हणून नव्हे. किती वर्षं मी तिथं धरून ठेवलं होतं, कशासाठी धरून ठेवलं होतं, काही कळेना. तिनं काम थांबवलं, चादर ओढून दिली आणि खुर्ची बाजूला घेऊन बसली. म्हणाली, ‘‘होतं असं. घाई नाही.’’

घरी करायला तिनं जे दिलं ते सगळं सोडण्याचं होतं. भिंतीला पाय टेकवून पडणं, गुडघे छातीशी, लांब श्वास. शौचाला कुंथायचं नाही. पायांखाली लहान स्टूल घ्यायचं. दर वीस मिनिटांनी उठायचं, दुखायची वाट न बघता. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. दुखत नसताना उठायचं कसं? पण तेच सगळ्यात उपयोगी पडलं.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मुंबई. या वेळी इंजेक्शनसाठी, नर्व्ह ब्लॉक. सीटी स्कॅनच्या टेबलावर पालथं झोपवतात, सुई कुठं पोचली ते पडद्यावर बघत बैठकीच्या हाडाजवळ भूल आणि स्टेरॉइड सोडतात. सुई आत जाताना दुखतंच. पंधरा-वीस मिनिटांत उजवी बाजू बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, ‘‘आता मुद्दाम बसा. जिथं सगळ्यात जास्त त्रास होतो तशा खुर्चीवर बसा आणि घड्याळ बघा.’’

आम्ही कँटीनमध्ये गेलो. पाठ सरळ असलेली कडक प्लास्टिकची खुर्ची. मी उशी पिशवीतच ठेवली आणि बसले. नवऱ्यानं मिसळ मागवली. अकरा वीस झाले होते. मी बसून मिसळ खाल्ली. मग चहा. बारा वाजले. मी हललेही नव्हते, दोन्ही मांड्यांवर सारखा भार होता, पाय एकावर एक टाकले होते. शेजारच्या टेबलावर एक आजी नातवाला इडली भरवत होत्या आणि मी त्यांच्याशी गप्पा मारत होते, बसून, जशा बायका मारतात. एक वाजून पाच मिनिटांनी नवरा म्हणाला, ‘‘उठूया?’’ मी म्हटलं, ‘‘थांबा हो. अजून बसूया.’’

रात्री भूल उतरली आणि आग परत आली, जास्तच आली. ते होणार हे आधीच सांगितलं होतं. पण पाचवा निकष पूर्ण झाला होता. आठवडाभरानं स्टेरॉइडचा गुण दिसू लागला आणि साधारण दीड महिना टिकला. पुढच्या मे महिन्यात दुसरा ब्लॉक घेतला, तो थोडा जास्त टिकला. शस्त्रक्रियेचीही चर्चा झाली. त्या चिमट्यातून नस मोकळी करतात. नांतच्याच डॉक्टरांनी २००५ मध्ये ३२ रुग्णांवरचा अभ्यास छापला आहे. वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७१ टक्क्यांना सुधारणा होती आणि न झालेल्यांपैकी १३ टक्क्यांना. आकडा मोठा वाटतो, पण ३२ माणसं म्हणजे माझ्या शाळेतले दोन वर्ग. आणि सुधारणा म्हणजे बरं होणं नव्हे. मी तूर्त नको म्हटलं. माझ्या दुखण्याला स्नायू सोडण्यानं गुण येत होता, तो रस्ता आधी पुरा चालायचा होता.

नवऱ्याबद्दल लिहायचं टाळणार होते, पण मग तेच लपवणं झालं. दोन वर्षं आमच्यात शरीरसंबंध नव्हता. सुरुवातीला मी कारण सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही, दोघंही भिंतीकडे तोंड करून झोपायचो. फिजिओथेरपिस्टनं दिलेला कागद, तशीच आकृती, मी एका रात्री त्याच्या समोर ठेवला आणि बोट ठेवून सांगितलं, इथं दुखतं, इथं दुखत नाही. तो बराच वेळ कागद बघत राहिला. म्हणाला, ‘‘हें म्हाका आदीं सांगपाचें न्हय?’’ आधी सांगायचं नाही का मला? इतकंच. आज आमचं जे आहे ते हळू आहे, कधीकधी अर्ध्यावर थांबतं, पण आमचं आहे.

मुलीला मी सगळी नावं शिकवली आहेत. ती सोळा वर्षांची आहे आणि तिला यात लाजण्यासारखं काही वाटत नाही.

आज मी उशीवर चाळीस मिनिटं बसू शकते. चांगल्या दिवशी तास. स्कूटर विकली, शाळेत बसनं जाते, उभी. वर्गात उंच स्टँडवर वही ठेवून लिहिते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन अजून चालू आहे. पावसाळ्यात, शाळेच्या तपासणीच्या दिवसांत, सर्दीनं खोकला झाला की आग परत येते, दोन-तीन आठवडे राहते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सगळं संपलं असं वाटलं होतं. आता मी भिंतीला पाय लावून पडते आणि जबडा सोडते.

२०२४ च्या चवथीच्या आधी आईला सांगायला गेले. ती चौऱ्याहत्तर वर्षांची. ओसरीवर नारळाच्या हिरांची झाडू बांधत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. पायाचं खोटं होतं, म्हटलं. योनीच्या उजव्या बाजूची नस दाबली जाते, बसलं की तिथून गुदद्वारापर्यंत आग होते, म्हणून बसत नाही. तुझ्या पाटाचा अपमान करायचा नव्हता.

आईनं हीर खाली ठेवले. रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, ‘‘बाय, माझं अंग बाहेर येतं.’’

किती वर्षं? बारा. शौचाला बसलं की गर्भाशय खाली उतरतं, बाहेर येतं, आणि ती ते हातानं आत सारते. बारा वर्षं. विहिरीचं पाणी ओढत, नारळ उचलत, चवथीला वीस माणसांचा स्वयंपाक करत. बाबांना माहीत नव्हतं. मला, दोन वहिनींना, कुणालाच नाही. ‘‘कुणाला सांगायचं आणि काय म्हणून सांगायचं?’’ ती म्हणाली. ‘अंग’ म्हणजे सगळं शरीर, आणि गर्भाशयालाही अंगच. तिच्याकडेही एकच शब्द होता.

चवथ झाल्यावर आठ दिवसांत तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. शस्त्रक्रिया तिला नको होती. त्यांनी आत सिलिकॉनची रिंग बसवून दिली आणि ती कधी काढून धुवायची, कधी तपासायला यायचं ते सांगितलं. घरी येताना गाडीत ती म्हणाली, दहा मिनिटांचं काम होतं.

२०२५ च्या चवथीला माहेरी गेले. गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी नेहमीसारखी भरगच्च, घुमट आरती तासभर चालली. आरती सगळे उभ्यानंच म्हणतात, तिथं माझा प्रश्नच येत नाही. मग पुरुषांची पंगत झाली, मुलांची झाली, बायकांचे पाट मांडले गेले. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्यापाशी ताट घेऊन उभ्यानं जेवायला.

ओट्यावर केळीचं पान आधीच वाढलेलं होतं. खतखतें, भात, नेवऱ्या. पाण्याचा तांब्या. आणि शेजारी, ओट्याच्या कडेला, दुसरं पान.

बाहेरून मोठ्या वहिनीनं हाक मारली, ‘‘आई, पाटावर या, तुमच्यासाठी थांबलोत.’’

‘‘तुम्ही बसा गो,’’ आई म्हणाली. ‘‘आम्ही दोघी हांगाच जेवतात.’’ तिनं पदर खोचला, उभ्यानंच भात कालवला, आणि खतखत्यातला नीरफणसाचा तुकडा माझ्या पानावर ठेवला.